जबाबदारी कोणाची आणि जाब कोणाला?

तुम्ही विचारलेला प्रश्न असा आहे: सिंधुदुर्गातल्या काही ग्रामपंचायतींत नळपाणी, दाखले, आरोग्य उपकेंद्र आणि शाळा यांच्याबद्दल घरोघरी विचारायची एक प्रश्नावली मराठीत आणायची आहे. मूळ इंग्रजी मजकुरात ‘अकाउंटेबिलिटी’ (आपल्या कामाचं उत्तर देण्याला बांधलेलं असणं) आणि ‘सर्व्हिस डिलिव्हरी’ हे दोन शब्द पानोपानी येतात. पहिल्यासाठी उत्तरदायित्व, जबाबदारी आणि जबाबदेही असे तीन पर्याय निघाले आहेत, दुसऱ्यासाठी सेवा वितरण. कोणता घ्यावा, आणि कुडाळ-मालवणकडच्या वाड्यांत काय कळेल?

जबाबदेही आधी बाजूला काढतो. हिंदीत तो रुळला आहे. राजस्थानातल्या जनसुनवाईच्या, म्हणजे भरसभेत सरकारी कामांचा हिशेब मागण्याच्या, चळवळीपासून तिकडे त्याला चांगलं वजनही आलं आहे. मराठीत मात्र तो बातमीच्या भाषांतरात भेटतो, माणसांच्या बोलण्यात नाही. आपल्याकडे त्याचाच सख्खा भाऊ आहे, जबाबदारी, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे.

‘जबाबदार’ची फोड पाहा. अरबी जवाब, त्याला फारसी दार. ज्याच्या अंगावर जबाब देणं आहे तो जबाबदार. म्हणजे मुळात हा शब्द हुबेहूब तुम्हाला हवा तोच आहे. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही त्याचा अर्थ उत्तर देण्यास बांधलेला असाच मिळतो. पण वापरात तो पांगला. आज त्याचे तीन अर्थ होतात आणि ते वेगळे ओळखायची खूण विभक्तीत आणि सोबतच्या नामात आहे. ‘मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं’ इथे उत्तर मागणारा कोणीतरी समोर उभा आहे. ‘अपघाताला चालक जबाबदार’ इथे कोणी उत्तर मागत नाही, फक्त दोष कोणाचा ते सांगितलं आहे. ‘पाण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची’ इथे दोषही नाही आणि उत्तरही नाही, वाटून दिलेलं काम आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकाबाहेर पहिला अर्थ आता क्वचित ऐकू येतो. दुसरा आणि तिसरा मात्र दिवसभर कानावर पडतात.

हा फरक प्रश्नावलीत जीवघेणा ठरतो. ‘तुमच्या वाडीत पाणी न येण्याला जबाबदार कोण?’ असं विचारलंत तर पंप जळला, वीज गेली, ठेकेदारानं पाइप हलका टाकला, अशी उत्तरं येतील. ‘पाण्याची जबाबदारी कोणाची?’ विचारलंत तर सगळी वाडी एका सुरात ग्रामपंचायतीचं नाव घेईल आणि तुमच्या तक्त्यात रकाना भरभरून येईल. ‘चार दिवस पाणी आलं नाही तर जाब कोणाला विचारता?’ असं विचारलंत तर मात्र समोरचा थांबेल. बऱ्याच घरांत उलट प्रश्न येईल: ‘इचारूचा कोणाक?’ संशोधनाला हवं असलेलं उत्तर हेच आहे. पहिल्या दोन प्रश्नांनी ते कधीच हाती लागलं नसतं.

मूळ संकल्पना काय आहे ते इथे थोडक्यात पाहायला हवं, कारण शब्द तिच्यावर बेतायचा आहे. जागतिक बँकेच्या 2004च्या विकास अहवालानं हा विषय एका त्रिकोणात मांडला: नागरिक, धोरण ठरवणारे राज्यकर्ते आणि प्रत्यक्ष सेवा देणारे. नागरिकानं मत देऊन राज्यकर्त्याला बांधायचं आणि त्यानं कर्मचाऱ्याला, ही लांबची वाट. नागरिकानं थेट शिक्षकाला, परिचारिकेला, पाणी सोडणाऱ्याला धरायचं, ही जवळची. दोन्ही वाटांवर दोन माणसं समोरासमोर आहेत, एक विचारणारा आणि एक उत्तर देणारा. विचारणाऱ्याला पुसून टाकलं तर उरतं ते नुसतं कर्तव्य.

‘उत्तरदायित्व’ची अडचण नेमकी ही आहे. उत्तर, दायी म्हणजे देणारा, आणि त्याचं भाववाचक नाम. व्युत्पत्तीनं शब्द निर्दोष आहे. पण त्यात देणाराच दिसतो, मागणारा दिसत नाही, आणि ‘दायित्व’ हा भाग कानाला कर्जासारखा किंवा ओझ्यासारखा ऐकू येतो. अहवालात, शीर्षकात, जिथे नामच हवं तिथे तो वापरायला माझी हरकत नाही. पहिल्या उल्लेखाला एक वाक्य जोडा: जाब विचारण्याचा हक्क आणि जाब देण्याचं बंधन, दोन्ही मिळून उत्तरदायित्व. त्यानंतर पुढे वाचकाची चुकामूक होणार नाही.

‘जाब’ हे जबाबचंच झिजलेलं रूप, पण झिजताना त्याला धार आली. उत्तर मिळतं, जबाब नोंदवतात, जाब मात्र विचारतात. जाब विचारायला विचारणाऱ्याकडे काहीतरी अधिकार लागतो, निदान तसा त्याचा समज तरी लागतो. मुलगा बापाला प्रश्न विचारतो, बाप मुलाला जाब विचारतो. म्हणूनच ग्रामसभेची बातमी देताना ‘ग्रामस्थांनी जाब विचारला’ असं छापून आलं की वाचकाला कळतं, आज लोक मालक म्हणून बसले होते.

आता कोकणातला भाग, आणि तुमच्या प्रश्नावलीसाठी तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुमच्या मसुद्यात तक्रार निवारणाचाही प्रश्न असणारच. तळकोकणात तक्रार, जाब आणि गाऱ्हाणं या तीन वेगळ्या क्रिया आहेत. तक्रार हा अरबीतून आलेला शब्द. तिथे त्याचा अर्थ पुनरावृत्ती, तेच ते पुन्हा म्हणणं. एकाच कामासाठी तालुक्याला पुन्हा पुन्हा अर्ज घेऊन गेलेल्या कोणालाही ही व्युत्पत्ती पटेल. तक्रार कचेरीत देतात, तिला पोच मिळते, तिचा क्रमांक असतो. गाऱ्हाणं संस्कृत गर्हणपासून आलं, म्हणजे मुळात निंदा, दोष देणं. पण सिंधुदुर्गात गाऱ्हाणं ‘घालतात’, आणि ते देवाला. ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून गावकर किंवा मानकरी ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरू करतो, लेकरांनी केलेली सेवा-चाकरी मान्य करून घे, काय चुकलंमाकलं असेल ते पदरात घे, अमक्याच्या वाटेतली इडापिडा दूर कर, आणि प्रत्येक टप्प्यावर जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. त्यात दोष देणं उरलेलंच नाही. मागणी आहे, पण हक्कानं केलेली नाही. विश्वासानं आणि सगळ्यांच्या साक्षीनं केलेली आहे.

तेव्हा ‘ग्रामपंचायतीकडे तुम्ही कधी गाऱ्हाणं मांडलं का’ असं लिहू नका. पुण्यात ते गोड मराठी वाटेल. मालवणात त्यानं नातंच उलटं होतं, सरपंच देवाच्या जागी बसतो. तिथे ‘तक्रार दिली का’ आणि ‘जाऊन विचारलं का’ असे दोन स्वतंत्र प्रश्न करा. लेखी आणि तोंडी यांतला फरकही त्यातून आपोआप टिपला जाईल.

‘जाब’लाही एक मर्यादा आहे. पाणी सोडणारा माणूस वाडीतलाच असतो, पुष्कळदा भावकीतला. त्याला जाब विचारणं म्हणजे भांडण काढणं. लोक त्याला नुसतं विचारतात, ‘काय रे, पाणी खंय?’ या विचारण्यातही उत्तरदायित्व आहेच, फक्त ते नात्याच्या आत आहे. चीनच्या खेड्यांचा अभ्यास करताना राज्यशास्त्रज्ञ लिली त्साय यांना असंच काही दिसलं: जिथे सगळ्या गावाला सामावणारं देऊळ किंवा कुळाचं मंडळ होतं आणि गावचे अधिकारीही त्यात सामील होते, तिथे निवडणुकीचा धाक कमी असूनही रस्ते, शाळा, पाणी यांची स्थिती बरी होती. माणसाला गावात मान राखायचा असतो, म्हणून तो काम करतो. गावऱ्हाटी, म्हणजे ग्रामदेवतेभोवती बांधलेली गावाची व्यवस्था, आणि मानापानाची रीत अजून जागी असलेल्या आपल्या मुलुखात हा मुद्दा प्रश्नावलीत यायलाच हवा. पण त्यालाही दुसरी बाजू आहे. मान सगळ्यांना सारखा नसतो. ज्या वाडीला देवळात मान नाही, तिचं विचारणं तिथे कितपत पोहोचतं हे वेगळं विचारा. शिवाय मुंबईतल्या चाकरमान्यांचं मंडळ गणपतीला किंवा शिमग्याला गावी आलं की जाब विचारतं, एरवी गावात राहणारे गप्प असतात, असंही पुष्कळ ठिकाणी घडतं. ‘कोण विचारतं’ या रकान्यात चाकरमानी हा पर्याय ठेवा.

कोणी म्हणेल, एवढा कीस कशाला, समित्या आहेत की. समिती असणं आणि विचारलं जाणं यांतलं अंतर संशोधनानं चांगलंच मोजलेलं आहे. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात ग्रामशिक्षण समित्यांचा अभ्यास झाला, तेव्हा बहुतेक पालकांना अशी समिती आहे हेच ठाऊक नव्हतं, आणि काही सदस्यांनाही आपण सदस्य असल्याचं माहीत नव्हतं. इंडोनेशियात अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी सहाशेहून अधिक गावांतल्या रस्त्यांची कामं तपासली. सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार असं आधी कळवलेल्या गावांत गहाळ होणारा खर्च सुमारे 8 टक्के बिंदूंनी घटला. गावकऱ्यांना सभेला जास्त संख्येनं बोलावण्याचा परिणाम सरासरी पाहता थोडाच झाला. तेव्हा ‘तुमच्या गावात पाणीपुरवठा समिती आहे का?’ या प्रश्नाला आलेलं ‘हो’ फारसं काही सांगत नाही. ‘समितीत कोण आहे, नाव सांगता येईल का?’ हे विचारा.

‘सर्व्हिस डिलिव्हरी’चं उत्तर त्या मानानं सोपं आहे. सेवा वितरण नको. आपल्याकडे वितरण बक्षिसांचं होतं, धान्याचं होतं, विजेचं होतं. मोजून, वाटून देता येईल अशा वस्तूला ते जुळतं. बाळंतपणाच्या वेळी परिचारिका हजर असणं हे वितरण नव्हे. पुरवठा पाण्यापुरता ठीक. ‘सेवा’ शब्दही सांभाळून वापरावा लागतो, कारण कचेरीत सेवा म्हणजे कर्मचाऱ्याची नोकरी. सेवापुस्तक, सेवाज्येष्ठता, सेवानिवृत्ती, सगळीकडे सेवा त्याची. आणि वर सांगितलेल्या गाऱ्हाण्यात सेवा करणारे आपणच असतो. ‘तुम्हाला सेवा मिळते का?’ हा प्रश्न म्हाताऱ्या माणसाला म्हणूनच विचित्र वाटतो.

2015च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानं चांगली वाट काढली. त्यात शब्द आहे लोकसेवा, आणि क्रिया साधी, देणे. पात्र व्यक्तीला नियत कालमर्यादेत ती मिळण्याचा हक्क. देणारा पदनिर्देशित अधिकारी, न दिल्यास दोन अपिलं, त्यानंतर आयोग. माझ्या मते अहवालात ‘लोकसेवा देणे’ किंवा नामच हवं असेल तर ‘लोकसेवांची उपलब्धता’ पुरेसं आहे. प्रश्नावलीत तर नामाची गरजच नाही. नमुना 8चा, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीचा, उतारा अर्ज केल्यावर किती दिवसांनी मिळाला? उपकेंद्रात गेलात तेव्हा परिचारिका होत्या का? मे महिन्यात नळाला किती दिवसांनी पाणी येतं? मिळणे, असणे, येणे. ही क्रियापदं घेणाऱ्याच्या बाजूची आहेत आणि मोजायचंही तिथूनच आहे. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर मे महिन्याचा प्रश्न वेगळा विचारावाच लागतो. पावसाळ्यात विचारलेल्या ‘पाणी मिळतं का’ला काही अर्थ नाही.

‘असणे’ हे क्रियापद किती कामाचं आहे त्याचा एक दाखला. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या सहा देशांच्या पाहणीत संशोधक न सांगता शाळांत आणि दवाखान्यांत गेले आणि फक्त एवढंच पाहिलं, माणूस आहे की नाही. सरासरी 19 टक्के शिक्षक आणि 35 टक्के आरोग्य कर्मचारी जागेवर नव्हते. भारतात शिक्षकांचं प्रमाण 25 टक्के होतं. राज्यांत सगळ्यात कमी, साधारण 15 टक्के, महाराष्ट्रात. हजेरीपुस्तकावरून हे कळलं नसतं. तुमच्या प्रश्नावलीत ‘शिक्षक नियमित येतात का?’ असं असेल तर ‘काल शिक्षक शाळेत होते का?’ असं करा. ‘नियमित’ला लोक भिडेखातर हो म्हणतात.

राहता राहिलं ‘लोकल गव्हर्नन्स’. त्यासाठी तुम्ही ‘स्थानिक शासन’ लिहिलं आहे. शासन म्हटलं की मंत्रालय डोळ्यांपुढे येतं, ‘शासनाकडून निधी आला नाही’ हे वाक्य ग्रामपंचायतच बोलते. संस्थांसाठी स्थानिक स्वराज्य संस्था हा रुळलेला शब्द आहेच, तो बदलू नका. आणि त्या संस्था ज्या रीतीनं चालतात त्यासाठी ‘गावचा कारभार’ लिहा. मालवण ते दोडामार्ग, कोणालाही अर्थ विचारावा लागणार नाही.