धसकटांचे फुटवे आणि किराळ

प्रश्न : फेब्रुवारीत रब्बी ज्वारी काढली. मध्ये अवकाळी पाऊस झाला आणि धसकटांना टीचभर फुटवे आले. शेजाऱ्यांची गाय दावं तोडून त्यात शिरली आणि अर्ध्या तासात बांधावरच मेली. कुणी म्हणतं पान लागलं, म्हणजे साप चावला, कुणी म्हणतं किराळ. पण रक्त तर लालभडक होतं, मग विष कसं? आणि आता या फुटव्यांचं करायचं काय?

उत्तर : शवविच्छेदन झालं नसेल तर छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून किराळच, म्हणजे ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांची विषबाधाच वाटते. आणि तुम्हाला कोड्यात टाकणारं ते लालभडक रक्तच तिची खूण आहे.

ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचं द्रव्य असतं. पान उभं आहे तोवर ते निरुपद्रवी, कारण त्याला फोडणारं विकर (एन्झाइम) पानातच पण वेगळ्या पेशींत असतं. जनावराने पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटतो. पोटातले जिवाणू उरलेलं काम करतात, म्हणून रवंथ करणाऱ्या जनावरांना याचा धोका जास्त. हे विष रक्तातला प्राणवायू कमी करत नाही. पेशींना तो वापरूच देत नाही. रक्तात प्राणवायू तसाच राहतो, रक्त लाल दिसतं आणि जनावर गुदमरतं. नायट्रेटच्या विषबाधेत उलट रक्त चॉकलेटी होतं, हा फरक लक्षात ठेवा.

किती खाल्लं तर मरतं? वजनाच्या किलोमागे साधारण 2 मिलिग्रॅम सायनाइड पुरतं. 300 किलोच्या गाईला 600 मिलिग्रॅम. हिरव्या चाऱ्यात किलोला 200 मिलिग्रॅम असेल तर तीनच किलो झाले! भुकेली गाय तेवढं बघता बघता खाते.

पाण्याचा ताण पडलेलं पीक, ताणानंतर फुटलेले पोंगे आणि भरपूर युरिया दिलेला कोवळा चारा, हे सगळ्यात वाईट. तुमचे फुटवे नेमके त्यातले. सध्या त्यात जनावर सोडूच नका. कुंपण नसेल तर ट्रॅक्टरचा रोटर मारून मोकळे व्हा. चाराच हवा असेल तर पाणी देऊन वाढवा आणि निम्मं पीक फुलोऱ्यात आल्यावर कापा. कापलेलं उन्हात कडकडीत वाळवा, वायू उडून जातो. नीट वाळलेल्या कडब्याची म्हणूनच भीती नसते. हिरव्याची कुट्टी केली की विष मरतं असं बरेच जण समजतात. उलट पेशी फुटून ते लवकर सुटतं.

धाप, तोंडाला फेस, थरथर, झोकांड्या दिसल्या की चारा काढून घ्या आणि 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला किंवा जवळच्या पशुवैद्यकाला फोन लावा. ‘ज्वारीचे पोंगे खाल्लेत’ हे आधी सांगा, म्हणजे ते सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट बरोबर घेऊनच निघतील. ही औषधं शिरेतून द्यायची असतात, घरी प्रयोग नको. आडव्या पडलेल्या जनावराला गुळाचं पाणीसुद्धा नळीने पाजू नका, ते फुप्फुसात जातं.

शेजाऱ्यांकडे दुसरी जनावरं असतील तर त्यांना हे आजच सांगा. त्याच बांधावर उद्या शेळ्याही येतील.