विड्यांची मजुरी कापतात, बायबल काय म्हणतं?

प्रश्न: मी सोलापुरात घरी विड्या वळते, दर हजार विड्यांमागे मजुरी मिळते. ठेकेदार दर वेळी मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढतो, पैसे कापतो आणि त्या विड्या ठेवूनही घेतो. रविवारी चर्चमध्ये मात्र पुढच्या बाकावर. हे चालतं का?

उत्तर: नाही ताई, ही चोरीच आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात २४:१५ बघा, मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत द्यायची कारण गरिबाचा जीव त्यात अडकलेला असतो, आणि याकोबाच्या पत्रात ५:४ मध्ये तर दाबलेली मजुरीच ओरडते आणि ते देवाच्या कानी जातं. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्येच लिहिलंय, मजुराने नाइलाजाने कमी पैशाला हो म्हटलं तरी तो अन्यायच. म्हणजे ठेकेदार ‘परवडत नसेल तर सोडा’ म्हणाला, तर ते उत्तर नाहीच. किती विड्या काढल्या ते रोज वहीत लिहा, आणि चार जणी मिळून ती वही घेऊन पास्टरांकडे जा.