‘नॅशनल ट्रेझर’मध्ये दाखवलेला इतिहास कितपत खरा आहे?

खजिना आणि नकाशा काल्पनिक, पण आजूबाजूचा बराच तपशील खरा आहे.

२००४ च्या या चित्रपटात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यामागे अदृश्य शाईने खुणा केलेल्या दाखवल्यात. खऱ्या जाहीरनाम्याच्या पाठीवरही मजकूर आहे बरं का! अगदी खाली, उलट्या बाजूने लिहिलेली एकच ओळ: ‘मूळ स्वातंत्र्य जाहीरनामा, दिनांक ४ जुलै १७७६’. तेव्हा असे कागद गुंडाळून ठेवत. हा तर चर्मपत्रावरचा, चांगला मोठा. गुंडाळी न सोडता आत काय आहे ते कळावं म्हणून ही ओळ लिहिली असावी. मला ती कुठल्याही खजिन्यापेक्षा भारी वाटते.

चित्रपटात येणारी बेंजामिन फ्रँकलिनची (अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक) पत्रंही खरी. १७२२ मध्ये, १६ वर्षांचा असताना त्याने ‘सायलेन्स डूगुड’ नावाची विधवा बनून १४ पत्रं लिहिली आणि ती गुपचूप भावाच्या छापखान्याच्या दाराखालून सरकवली. भावाने ती आपल्या वर्तमानपत्रात छापली, लिहिणारा घरातलाच आहे याचा पत्ता नसताना.

चुकलंय ते चार्ल्स कॅरलच्या बाबतीत. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी सर्वांत शेवटी, १८३२ मध्ये तो वारला, हे बरोबर. पण चित्रपटात त्याला फ्रीमेसन, म्हणजे एका गुप्त बंधुसंघाचा सदस्य, दाखवलंय. खरं तर तो कॅथलिक होता. तो फ्रीमेसन असल्याचा पुरावा नाही.