मागील मोसमातील स्की बूट पूर्ण किमतीला घेतले, तर नुकसान झाले का?

आपण फसलात, असे मी म्हणणार नाही. नव्या मोसमात पुष्कळदा केवळ रंग बदलतो आणि बुटाच्या बाहेरच्या कडक कवचाचा साचा अनेक वर्षे तोच राहतो. खरा प्रश्न बूट पायाला नीट बसतो का, हा आहे. आतला मऊ बूट काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटे पुढे अलगद टेकवा आणि टाचेमागे साधारण दीड ते दोन सेंटिमीटर जागा उरते का, ते पाहा. तीन उरत असेल, तर निम्म्या किमतीतही तो बूट महागच पडला असता. मात्र बूट कधी बनला, हे अवश्य विचारा, कारण प्लास्टिक न वापरताही जुने होते. तळ ग्रिपवॉक प्रकारचा, म्हणजे चालायला सोपा जावा म्हणून किंचित वळवलेला असल्यास, आपली बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी यंत्रणा) त्याला चालते, याची दुकानातच खात्री करून घ्या.