व्हिडिओ ‘भारतात उपलब्ध नाही’ झाला, दाद कुणाकडे मागायची?

प्रश्न: माझं छोटं बातम्यांचं चॅनल आहे. एका पुलाच्या कामातल्या घोळावर व्हिडिओ केला, काही दिवसांनी कंपनीचा मेल आला की सरकारकडून आलेल्या कायदेशीर मागणीमुळे तो आता भारतात दिसणार नाही. ऑर्डरची कॉपी मागितली तर गोपनीय आहे म्हणतात. तोच व्हिडिओ दुसऱ्या चॅनलवर टाकू का?

उत्तर: नका टाकू, निदान आत्ता तरी नको. राग समजतो मला, पण उद्या कोर्टात समोरचा वकील पहिलं हेच काढेल की ऑर्डर माहीत असूनही यांनी मुद्दाम परत टाकला, आणि कंपनीने वैतागून अख्खं चॅनलच उडवलं तर अजून एक भांडण अंगावर.

आधी तो मेल परत उघडा आणि त्यात कलम कुठलं लिहिलंय ते बघा. माझ्याकडे येणारे बहुतेक जण हे बघतच नाहीत, सरळ म्हणतात सरकारने बॅन केलं, पण आयटी कायद्यात हे दोन वेगळ्या दारांनी होतं आणि दोन्हीकडची दाद वेगळी आहे.

कलम ६९ए असेल तर कारणं ठरलेली आहेत. देशाचं सार्वभौमत्व, संरक्षण, सुरक्षा, परराष्ट्रांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, किंवा यांच्याशी संबंधित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी, बस. बदनामी यात नाही. पुलाचा घोळ यात कुठे बसतो मला तरी दिसत नाही, पण फाइलीत काय लिहिलंय ते आपण पाहिलेलं नाही. २००९ च्या ब्लॉकिंग नियमांप्रमाणे ज्याने मजकूर टाकला तो सापडत असेल तर त्याला किंवा कंपनीला नोटीस देऊन किमान ४८ तास द्यायचे असतात. गोम त्या ‘किंवा’ मध्ये आहे, नोटीस कंपनीला जाते आणि तुम्हाला थेट व्हिडिओ गेल्यावरच कळतं. वर नियम १६ ची गुप्तता, त्याच्यामुळेच तुम्हाला कॉपी मिळत नाहीये.

दुसरं दार म्हणजे ७९(३)(ब). खरं तर हे कलम ब्लॉक करा असं सांगतच नाही, एवढंच म्हणतं की सरकारने कळवूनही बेकायदेशीर मजकूर ठेवला तर कंपनीचं कायदेशीर संरक्षण जाईल, मग कंपनी घाबरून लगेच काढते. कंपन्यांना अशी पत्रं पाठवायचं गृह खात्याचं सहयोग पोर्टल याच कलमावर चालतं. एक्सने त्याला कर्नाटक हायकोर्टात आव्हान दिलं होतं, सप्टेंबर २०२५ मध्ये ते फेटाळलं गेलं. पण १५ नोव्हेंबर २०२५ पासून नियम बदललेत, आता असं पत्र सहसचिव किंवा त्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच काढायचं, तसा अधिकारी नेमलेलाच नसेल तर संचालक दर्जाच्या, पोलिसांकडून असेल तर खास नेमलेल्या डीआयजीच्या खालचा अधिकारी चालत नाही, आणि त्यात कायद्याचा आधार नि नेमकी लिंक लिहायलाच हवी. म्हणून तुमच्या व्हिडिओबद्दल कंपनीला गेलेल्या पत्रावर सही कुणाची आहे हे कळणं इतकं महत्त्वाचं, खालच्या कुणाची निघाली तर तिथेच अर्धी केस आपली.

आणि या सगळ्यावर लक्ष कोण ठेवतं? सरकारच. ६९ए च्या ऑर्डरी सचिवांची रिव्ह्यू कमिटी तपासते, नियमात दोन महिन्यांतून किमान एकदा बसायचं असं आहे. ७९ च्या पत्रांचा महिन्यातून एकदा आढावा सचिव दर्जाचा अधिकारी घेतो. बाहेरचा माणूस कुठेच नाही, जज तर नाहीच, त्यामुळे या आढाव्याच्या भरवशावर बसून राहू नका.

आता कामाचं. कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला (तक्रारी बघणारा अधिकारी) लेखी विचारा, कलम कुठलं, खातं कुठलं, तारीख काय. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत सरकारने नेमलेल्या ग्रीव्हन्स अपेलेट कमिटीकडे ऑनलाइन अपील करता येतं, ते कंपनीने स्वतःच्या नियमाखाली व्हिडिओ काढला असता तर जास्त उपयोगी, सरकारी ऑर्डरवर मला त्याच्याकडून फार आशा नाही. सोबत इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी मंत्रालयाच्या डेझिग्नेटेड ऑफिसरला (६९ए चं ब्लॉकिंग बघणारा अधिकारी) ऑर्डरची कॉपी आणि सुनावणी मागणारं पत्र पाठवा, बातम्यांचं चॅनल आहे म्हणून एक प्रत माहिती व प्रसारण खात्यालाही. आरटीआय टाका, बहुधा सुरक्षेचं कारण देऊन नाकारतील, तो नकार जपून ठेवा, याचिकेला लावता येतो.

उत्तर नाहीच आलं तर कलम २२६ खाली हायकोर्टात रिट. श्रेया सिंघल निकालात (२०१५) सुप्रीम कोर्टाने ६९ए टिकवलं ते याच आधारावर की कारणं लेखी असतात आणि त्यांना रिटमध्ये आव्हान देता येतं, मग ऑर्डरच दाखवणार नसाल तर आव्हान कशाला द्यायचं, हा आपला पहिला प्रश्न. हुंड्याच्या रकमेचा हिशोब करून देणारी एक उपरोधिक वेबसाइट २०१८ मध्ये ब्लॉक झाली होती, तिच्या मालकाला ऑर्डरची कॉपी आणि सुनावणी द्या असं दिल्ली हायकोर्टाने मे २०२२ मध्ये सांगितलं. वेळ बघा किती गेला! म्हणून व्हिडिओ परत चालू करा ही मागणी ठेवाच, पण आधी कॉपी आणि सुनावणी मागा, ते देणं कोर्टाला सोपं जातं.

तोवर मूळ फुटेज, मेल आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा, डिजिटल पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट (जुन्या पुरावा कायद्यातलं ६५बी) लागेलच. आणि व्हिडिओतल्या प्रत्येक आरोपामागचा कागद काढून ठेवा, टेंडर, बिलं, तपासणी रिपोर्ट, जे असेल ते. ज्या वाक्यामागे कागद नाही त्यावर खूण करा, कोर्ट नेमकं तिथेच बोट ठेवेल.