हीट शॉक प्रोटीनला ऊन चालतं का?

प्रश्न : मी एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मानवी रिकॉम्बिनंट (जनुक दुसऱ्या सजीवात घालून बनवलेलं) हीट शॉक प्रोटीन, एचएसपी ७०, मागवलं होतं. पार्सल मे महिन्यात चार दिवस वाटेत अडकलं. डबा उघडला तेव्हा आइस पॅक कोमट झाले होते. नळीतलं द्रावण मात्र स्वच्छ दिसतंय. मैत्रिणी म्हणतात, 'हीट शॉक प्रोटीनच ते, त्याला उन्हाचं काय?' मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींवर वापरायचं आहे. वापरू का?
– एक विद्यार्थिनी, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : लगेच वापरू नकोस, पण फेकूनही देऊ नकोस.

तुझ्या मैत्रिणींना नावाने फसवलंय. १९६२ साली इटलीत फेरुचिओ रितोसा फळमाशीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं पाहत होते. कुणीतरी इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं, आणि गुणसूत्रांवर एरवी नसणारे फुगवटे उठलेले दिसले. उष्णतेने तिथली जनुकं कामाला लागली होती. ती जी प्रथिनं बनवतात ती १९७४ मध्ये हाती लागली. म्हणजे 'हीट शॉक' पेशीला बसतो, आणि त्यावर ती हे प्रथिन बनवते. पेशीत एचएसपी ७० बिघडत्या प्रथिनांना धरून पुन्हा नीट घडी घालायला मदत करतं. त्यासाठी त्याला एचएसपी ४० या मदतनीस प्रथिनाची जोड लागते, एटीपी हे पेशीचं इंधन लागतं. नळीत त्याला कुणाचीच सोबत नाही. तिथे तेही अंड्याच्या पांढऱ्यासारखं एक प्रथिनच.

स्वच्छ दिसतंय यावरही विसंबू नकोस. एका मे महिन्यात रात्रभर वीज गेली आणि आमच्या प्रयोगशाळेतला फ्रीजर वितळला. सकाळी एन्झाइमची नळी मी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. पाण्यासारखी नितळ होती, म्हणून परत ठेवली. पुढचे तीन महिने एकही प्रयोग लागला नाही. दोष मी विद्यार्थ्यांच्या हाताला देत राहिले, याचं आजही वाईट वाटतं.

तू आधी त्यातलं थोडं थंड सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरव. तळाशी पांढरा साका बसला तर प्रथिन गोळा झालंय. मग जेलवर चालव, तिथे प्रथिनं आकारानुसार वेगळी होतात. ७० किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) आसपास एकच पट्टी आली तर ते तुटलेलं नाही इतकंच कळेल, जिवंत आहे की नाही ते कळणार नाही. त्यासाठी काजव्याचं ल्युसिफरेज, म्हणजे प्रकाश पाडणारं एन्झाइम, घे, गरम करून निकामी कर, आणि त्यात तुझं प्रथिन, एचएसपी ४० आणि एटीपी घाल. प्रकाश परत आला तर प्रथिन चांगलं आहे. यासोबत एक जुनी, खात्रीची नळीही चालव. दरम्यान कंपनीला डब्याचे फोटो पाठवून नळी बदलून माग. नवी आली की दहा-दहा मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० ला ठेव. एक भाग एकदाच वितळवायचा.

आता मॅक्रोफेज. तू विचारलं नाहीस, पण मला खरी काळजी त्याची आहे. हे प्रथिन बहुतेकदा ई. कोलाय या जिवाणूत बनवतात: मानवी जनुक प्लास्मिडमधून (डीएनएच्या छोट्या कड्यातून) जिवाणूत घालतात, त्याच्याकडून प्रथिन करवून घेतात आणि मग ते शुद्ध करतात. पण जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातलं एन्डोटॉक्सिन सोबत चिकटून येतं, आणि मॅक्रोफेज त्याने लगेच खवळतात. 'एचएसपी ७० ने दाह होतो' असे कितीतरी निष्कर्ष या एन्डोटॉक्सिनमुळे पुढे वादात सापडले. म्हणून प्रथिनाचा थोडा भाग उकळून तोही वेगळा वापर. उकळल्यावर प्रथिन बिघडतं, एन्डोटॉक्सिन सहसा टिकतं. उकळूनही पेशी तशाच खवळल्या तर तुझा परिणाम एचएसपीचा नाही. दुसऱ्या तुकडीत पॉलिमिक्सिन बी घाल, ते एन्डोटॉक्सिनला बांधून ठेवतं. नळीसोबतच्या कागदावर एन्डोटॉक्सिनचा आकडा नसेल तर कंपनीकडून माग. तो न बघता एकही पेशी खर्ची घालू नकोस.

प्रश्न : आमच्याकडे ऊन ४४ पर्यंत जातं. ही प्रथिनं उन्हाळ्यात औषध म्हणून घेता येतील का?
– एक शेतकरी, मोहोळ

उत्तर : नाही, दादा. त्या नळ्यांवर 'फक्त संशोधनासाठी' असंच छापलेलं असतं, आणि पोटात गेलं तर इतर प्रथिनांसारखंच पचून जाईल. उन्हात तुमच्या पेशी ही प्रथिनं आपणच बनवतात, पण त्यांच्यावर भिस्त ठेवून दुपारी रानात थांबू नका. कुणी बडबडायला लागलं, अंग तापलं आणि शुद्ध हरपत असेल तर सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.