रॅशगार्ड आधी, ब्रँड नंतर

सांगलीच्या विश्रामबागेत हल्ली पोरं फुलाफुलांच्या बोर्डशॉर्ट्स, म्हणजे सर्फिंगच्या हाफपँटा, घालून चहाला येतात. समुद्र घाट उतरून पार पलीकडे. घालू देत. पण तू खरंच कर्नाटकातल्या मुल्कीला सर्फिंग शिकायला निघालायस, म्हणून सांगतो.

शॉर्ट्स बिनइलॅस्टिकची, पुढं नाडी बांधायची घे. 1969 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टॉर्कीत क्विकसिल्व्हर कंपनी सुरू झाली ती सर्फिंगच्या शॉर्ट्स विकत. फॅशन नंतर आली. चेन असेल तर बोर्डावर पालथं झोपल्यावर पोटाला टोचते. सुती टी-शर्ट अजिबात नको, भिजला की जड होऊन लोंबतो. त्याऐवजी रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा लांब बाह्यांचा घट्ट शर्ट. बोर्डाला मेण लावलेलं असतं, त्यात वाळू चिकटते आणि छाती-पोट सोलून निघतं. शिवाय उन्हापासूनही वाचशील. पैसे इथं घाल. छातीवर मोठं नाव नसलं तरी चालतं. वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात ऊब देणारा रबरी सूट, आपल्याकडच्या कोमट पाण्यात लागत नाही, दुकानदार काही का म्हणेना.

कृष्णेत पोहतोस ते चांगलंच, पण लाटेची ओढ निराळी. पावसाळ्यात नवख्यानं जायचंच नाही. पहिला बोर्ड मऊ फोमचा, तोही भाड्यानं. आणि बोर्डाची दोरी घोट्याला बांधल्याशिवाय पाण्यात शिरू नकोस.